मदत हवी आहे: दोन प्रयोगशाळांचे प्रोलॅक्टिनचे आकडे जुळत नाहीत

पाऊलखूण: माझ्या धाकट्या बहिणीचे प्रोलॅक्टिन (दूध तयार होण्याशी संबंधित संप्रेरक) एका प्रयोगशाळेत ८६ आणि दुसरीत ४१ आले आहे. पाळी नियमित आहे, एमआरआयमध्ये काही नाही, तरीही कॅबरगोलिनचा (प्रोलॅक्टिन उतरवणाऱ्या गोळीचा) विषय निघाला आहे. खरा आकडा कोणता, हे कृपया लवकर सांगावे.

नळीवाला: एकक लिहिलेले नाही. नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर प्रमाण वाढलेले आहे. पण मिलि-आययू प्रति लिटर असेल, तर ८६ म्हणजे जेमतेम ४ नॅनोग्रॅम. डॉम्पेरिडोन किंवा रिस्पेरिडोनसारखे प्रोलॅक्टिन वाढवणारे औषध चालू आहे का?

सदाफुली: आधी थायरॉइड तपासा. आमच्या वहिनींचे प्रोलॅक्टिन थायरॉक्सिन सुरू केल्यावरच उतरले.

पाऊलखूण: दोन्ही आकडे नॅनोग्रॅममध्ये आहेत. औषध चालू नाही, गर्भधारणा नाही, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) व्यवस्थित आहे. मी थायरॉइडविषयी विचारलेले नाही.

नळीवाला: मग मॅक्रोप्रोलॅक्टिनचा, म्हणजे मोठ्या आकाराच्या प्रोलॅक्टिनचा, संशय घ्यावा. रक्तातले प्रोलॅक्टिन बहुतांशी सुमारे २३ किलोडाल्टनच्या (रेणूच्या वजनाचे एकक) सुट्या रेणूंचे असते; काहींच्या रक्तात मात्र ते आयजीजी प्रतिपिंडांना चिकटून १५० किलोडाल्टनहून मोठे होते, शरीरातून सावकाश बाहेर पडते म्हणून साठत जाते, परंतु त्याचा परिणाम फारसा जाणवत नाही. तपासणीचे प्रत्येक किट त्याला कमी-अधिक ओळखते, म्हणून आकड्यांत अशी तफावत पडते. सीरममध्ये पॉलिएथिलीन ग्लायकॉल मिसळून हा मोठा भाग खाली बसवतात आणि वरच्या द्रवात प्रोलॅक्टिन पुन्हा मोजतात. ४० टक्क्यांहून कमी उरले, तर मॅक्रोप्रोलॅक्टिनच जास्त आहे असे मानतात.

जेलगाळणी: ग्लायकॉल थोडे सुटे प्रोलॅक्टिनही खाली ओढते. खरी कसोटी जेल क्रोमॅटोग्राफीचीच (रेणू आकारानुसार वेगळे करण्याची पद्धत).

नळीवाला: मान्य, परंतु ती वेळखाऊ आणि महाग आहे, रोजच्या कामात ग्लायकॉलवरच भागवावे लागते.

जेलगाळणी: मग निदान टक्केवारीवर विसंबू नका. एकूण ३०० असताना ३० टक्के उरले, तरी सुटे प्रोलॅक्टिन ९० राहतेच आणि तेवढ्याने त्रास होऊ शकतो. उरलेला आकडा ग्लायकॉल मिसळलेल्या निरोगी सीरमच्या मर्यादेशी ताडावा, अहवालावर छापलेल्या नेहमीच्या मर्यादेशी नव्हे.

पाऊलखूण: हे सर्व समजले, पण गोळी सुरू करावी की नाही?

नळीवाला: ते तिच्या डॉक्टरांनीच ठरवावे. त्यांना मॅक्रोप्रोलॅक्टिनची तपासणी लिहून द्यायला सांगा आणि ग्लायकॉलपूर्वीचा व नंतरचा असे दोन्ही आकडे अहवालात मागून घ्या.