मदत हवी आहे: बेस गिटारसाठी दुसरा बारा इंची कॅब (स्पीकरची पेटी), की एकच दोन-बाय-दहा (दहा इंची दोन स्पीकरची पेटी)?

नागपुरात धरमपेठेतल्या कॅफेत साठ-सत्तर लोक, सोबत पूर्ण ड्रमसेट. हेड (अॅम्प्लिफायर) ५०० वॅटचं, पण तो आकडा ४ ओहमवरचा (ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युत-अवरोध). माझ्याकडच्या ८ ओहमच्या एका बारा इंची कॅबवर साधारण ३०० च मिळतात. पाच तारी बेसची खालची बी (३१ हर्ट्झ) जोरात वाजली की स्पीकरचा कोन (पडदा) फडफडतो. हाय-पास फिल्टरने ४० हर्ट्झखालचं कापलं की फडफड थांबते, पण ड्रमपुढे आवाज पुरत नाही.

तसाच दुसरा ८ ओहमचा कॅब समांतर जोडला तर ४ ओहम होतात, आणि एकावर एक रचल्यावर वरचा स्पीकर कानाजवळ येतो. मला हेच पटतंय. ४ ओहमचा दोन-बाय-दहा घेतला तर पुढे भर घालता येणार नाही. तसे दोन जोडले तर २ ओहम होतात, ते या हेडला झेपत नाहीत.

मे महिन्यात उघड्यावर हेड तापून बंद पडू नये म्हणून काय करता? आणि सीताबर्डीत चांगली स्पीकॉन केबल (हेड आणि कॅब जोडणारी) कुठे मिळेल?