इंजेक्शन 'शॉर्टकट' आहे का?
या चर्चेत वर कोणीतरी म्हटलंय की वजन उतरवायचं इंजेक्शन म्हणजे आळशी लोकांचा शॉर्टकट, हे मला अजिबात पटत नाही. माझ्या वहिनीने पंधरा वर्षं डाएट केलं, दर वेळी उतरलेलं वजन वर्षभरात परत, सोबत डायबेटिस आणि गुडघेदुखी. आता डॉक्टरांनी टिरझेपटाइड हे भूक कमी करणारं इंजेक्शन सुरू केलंय, आठवड्याला एक. सुरुवातीला मळमळ खूप झाली, पण परवा ती दुसरी पोळी अर्धी ताटात ठेवून उठली आणि म्हणाली, "अहो भावजी, पोट भरलं हे आयुष्यात पहिल्यांदा कळतंय." हा आळस कसा म्हणायचा?

पण एक मुद्दा इथे कोणीच काढला नाही, औषध थांबवल्यावर काय? सेमाग्लुटाइड या अशाच दुसऱ्या इंजेक्शनच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं होतं, आणि बंद केल्यावर वर्षभरात त्यातलं साधारण दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे बीपीच्या गोळीसारखंच हे, लग्नाआधी चार महिने घेऊन सोडायचं नाही. तेव्हा पहिला डोस घ्यायच्या आधीच डॉक्टरांना विचारा की किती वर्षं घ्यावं लागेल, आणि महिन्याचा खर्च तेवढी वर्षं झेपेल का ते घरी बसून मांडून बघा.