मदत हवी आहे: स्टेम सेलने शुगर बरी होते का? शुक्रवारपर्यंत ठरवायचंय

जुळेसोलापूर_आई: पुण्यातल्या एका क्लिनिकने साडेतीन लाख सांगितलेत. पोटाची चरबी काढून त्यातल्या स्टेम सेल (मूळ पेशी) परत शरीरात सोडणार, तीन महिन्यांत इन्सुलिन बंद म्हणतात. शुक्रवारी पन्नास हजार भरायचेत. कुणी केलंय का? ‘डॉक्टरांना विचारा’ सांगू नका, विचारून झालंय.

होटगीरोड: कुणासाठी? वय? टाइप १ की २?

भाकरीवाला: ताई, एवढे पैसे कशाला? माझी एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) साडेनऊवरून सातवर आली. पोळी बंद, ज्वारीची भाकरी, सकाळी तळ्याकाठी तासभर चालणं.

जुळेसोलापूर_आई: मुलासाठी. ११ वर्षांचा आहे. दिवाळीनंतर कळलं. दिवसाला चार इंजेक्शनं.

होटगीरोड: म्हणजे टाइप १. काका, त्याच्या बीटा पेशी, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, त्याच्याच प्रतिकारशक्तीने मारल्यात. भाकरीने त्या परत येत नाहीत.

भाकरीवाला: भाकरीने नुकसान तरी होत नाही ना!

नवीपेठ८२: जन्मावेळी नाळेतलं रक्त स्टेम सेल बँकेत ठेवलं होतं का? आम्ही मुलीचं ठेवलं, वर्षाला हप्ता भरतो.

लॅबवाली: नाळेचा इथे काय संबंध? ताई, बातम्यांतला झिमिस्लेसेल नावाचा उपचार वेगळा. त्यात स्टेम सेलपासून प्रयोगशाळेत आयलेट पेशी (बीटा पेशी असलेले पुंजके) बनवून यकृताच्या शिरेत सोडतात. २०२५ च्या निकालांत पूर्ण डोस घेतलेल्या १२ पैकी १० जणांचं इन्सुलिन वर्षभराने बंद होतं. पण सगळे प्रौढ, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालूच. चरबीतल्या पेशी नुसत्या सोडल्या म्हणून बीटा पेशी होत नाहीत. आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांनुसार रक्ताचे काही आजार सोडले तर हे फक्त मंजूर चाचणीतच करता येतं, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. क्लिनिककडे सीटीआरआय (चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी नंबर मागा.

जुळेसोलापूर_आई: पण त्यांनी आत्तापासूनच इन्सुलिन थोडं थोडं कमी करायला सांगितलंय, आणि शुगर खरंच फार वाढली नाही.

होटगीरोड: हे आधी का नाही सांगितलंत! निदानानंतर काही महिने उरलेल्या पेशी थोडं काम करतात, हनिमून पिरियड म्हणतात. माझ्या पुतणीचं तसंच झालं. तो संपला आणि इन्सुलिन कमी पडलं की किटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साठून जिवावर बेततं. ती आयसीयूत होती. आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करून डोस ठरवा.

जुळेसोलापूर_आई: केला. ठरल्याप्रमाणे पूर्ण डोस दिला, आता १४२ आहे. क्लिनिकला नंबर विचारला तर ‘शुक्रवारी या, समोर बोलू’ म्हणाले. मी जात नाही. रात्री दोनला उठून एकटीच शुगर बघते हो. सोलापुरात टाइप १ मुलांचे आईवडील कुणी आहेत का?

होटगीरोड: आहोत. मेसेज करा.