मनगटाचा पट्टा नक्की कोणता घ्यावा? (कार्पल टनेल, म्हणजे मनगटातल्या बोगद्यात नस दाबली जाणं)

नमस्कार मंडळी,

मी घरीच ब्लाउज शिवते, २० वर्षं झाली. गेले ४ महिने रात्री दोन-अडीचला उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू. करंगळी मात्र ठणठणीत. उठून हात झटकला की बरं वाटतं, झोपलं की पुन्हा तेच. परवा सुई बोटांतून कधी निसटली ते कळलंच नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी एनसीव्ही तपासणी (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते बघतात ती) करून घेतली. कार्पल टनेलच, पण सुरुवातीचं. साखर आणि थायरॉइड ठीक आहेत. "६ आठवडे रात्री स्प्लिंट (मनगट न हलू देणारा पट्टा) लावा, मग या," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. कोणता, ते विचारायचं राहूनच गेलं.

मेडिकलवाल्याने अंगठ्यात अडकवायचा इलॅस्टिकचा पट्टा दिला. हात वाकायचा तो वाकतोच, आवळून बांधला तर मुंग्या आणखी लवकर. दुसऱ्या दुकानातून आणला त्यात धातूची पत्री आहे, पण ट्रॅफिक पोलिसाने 'थांब' म्हणावं तसा हात मागे कललेला राहतो. शिवाय कापड पार बोटांच्या मुळापर्यंत येतं, मूठ मिटत नाही.

पत्री सरळ केली तर चालेल का? आणि दिवसा काम करतानाही लावायचा का? लावला की कातर धरता येत नाही, आणि लग्नसराई तोंडावर आहे. तेल-मालिशचे सल्ले घरातूनच भरपूर मिळालेत, तेवढे नकोत.

प्रतिसाद: ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. पत्री सरळ करायचीच. मनगट पुढे वाकलं काय किंवा मागे, नसेच्या बोगद्यातला दाब वाढतो. तयार पट्टे बरेचदा २० अंशांच्या आसपास मागे कललेले असतात, कामाला पकड चांगली मिळावी म्हणून. तुम्हाला तो झोपेत लावायचाय. पत्री खिशातून काढा, टेबलाच्या कडेवर दाबून सपाट करा, परत घाला. कापड तळहातावरच्या बोटांकडच्या आडव्या रेषेच्या अलीकडे संपलं पाहिजे, तुमचा बहुतेक साइज चुकलाय. वेल्क्रोखाली एक बोट सहज जावं. अंगठा ताठ धरणारा पट्टा घेऊ नका, तो अंगठ्याचे स्नायुबंध दुखतात त्यासाठी. दिवसा शिवताना नको, त्याच्याशी झगडत काम केलंत तर खांदा दुखेल. कापड बेतणं मात्र सलग करू नका, मध्ये थांबा. बधिरपणा दिवसभर राहू लागला किंवा अंगठ्याखालचा उंचवटा सपाट दिसू लागला, तर ६ आठवडे थांबू नका, लगेच डॉक्टरांना गाठा.

धागाकर्ती: मनापासून आभार! टेप काय, गळ्यातच असतो. मनगट साडेसहा इंच भरलं आणि पट्टा निघाला लार्ज. लोकांची मापं घेते आणि स्वतःचं घ्यायला विसरले! उद्या बदलून आणते. आता एकच: डाव्या हातालाही अधूनमधून मुंग्या येतात. दोन्हींना लावला तर रात्री पांघरूण कसं ओढू?