ब्रिटनच्या विमानवाहू नौका : 2012 चं घूमजाव बरोबर होतं का?

सागरवाट

10 मे 2012 ला ब्रिटनचे संरक्षणमंत्री फिलिप हॅमंड यांनी संसदेत जाहीर केलं, की नव्या विमानवाहू नौकांसाठी अमेरिकी एफ-35 लढाऊ विमानाचा सी प्रकार (एफ-35सी) घेणार नाही, पुन्हा बी प्रकारच (एफ-35बी) घेणार. दीडच वर्षापूर्वी, ऑक्टोबर 2010 मध्ये, त्यांच्याच सरकारनं बी सोडून सी धरलं होतं. तेव्हापासून सरकारी धरसोडीचा नमुना म्हणून हे प्रकरण सांगितलं जातं. मला मात्र वाटतं, त्या सगळ्या गोंधळात शहाणपणाचा दिवस तो एकच होता.

ज्यांना फरक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बी विमानात वैमानिकाच्या पाठीमागे एक मोठा पंखा असतो. त्याच्या जोरावर ते स्की-जंपवरून (डेकच्या टोकाला वर वळलेल्या चढावरून) थोडक्या धावेत उडतं आणि परत येताना डेकवर सरळ खाली उतरतं. सीला कॅटापल्टनं पुढे फेकावं लागतं आणि उतरताना शेपटीखालच्या हुकानं डेकवरची तार पकडावी लागते. सीचे पंख मोठे, इंधन जास्त, पल्ला लांब. त्याच्या पोटात 2000 पौंडी बॉम्ब मावतो, बीच्या पोटात 1000 पौंडी. विमान म्हणून सी सरस, हे मला मान्यच आहे.

पण क्वीन एलिझाबेथ आणि प्रिन्स ऑफ वेल्स या नौका गॅस टर्बाइनवर चालतात. वाफेच्या कॅटापल्टला लागणारे बॉयलर त्यांच्यावर नाहीतच. मग उरला विद्युतचुंबकीय कॅटापल्ट. तो 2010 मध्ये अमेरिकेत अजून घडत होता, जगातल्या एकाही कामातल्या नौकेवर बसलेला नव्हता. पुढेमागे बदल करता येईल अशा बेतानं आराखडा केला आहे, असं आधी सांगितलं गेलं होतं. खरा हिशोब मांडल्यावर एका नौकेच्या बदलाचा खर्च दुपटीहून जास्त वाढून 2 अब्ज पौंडांवर गेला आणि 2020 ची मुदत 2023 वर गेली. हॅमंड यांनी तिथेच थांबवलं. या जाण्यायेण्यात 74 दशलक्ष पौंड वाया गेले, असं तिथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसनं 2013 मध्ये सांगितलं. वाईट वाटतंच. पण चुकीच्या गाडीत बसलो हे दादरला कळलं तर ठाण्याला उतरायचं, की तिकीट काढलंय म्हणून कसाऱ्यापर्यंत जायचं?

भरतीओहोटी

असहमत. 74 दशलक्ष हा फक्त कागदावर दिसणारा आकडा आहे.

2010 च्या ज्या संरक्षण आढाव्यात सी धरलं, त्याच आढाव्यात आर्क रॉयल ही विमानवाहू नौका आणि सगळी हॅरियर विमानं (बीसारखीच सरळ उतरणारी, जुनी) मोडीत काढली गेली. नोव्हेंबर 2011 मध्ये 72 हॅरियर अमेरिकेला सुट्या भागांसाठी विकून टाकली. पैसे वाचवायचे होते हे खरं, पण पुढचं विमान सी असणार म्हटल्यावर सरळ उतरणाऱ्या विमानांची विद्या जपायला हवी असं कुणाला वाटेना. आणि सहा महिन्यांत हॅमंड म्हणतात, पुन्हा बीच घेणार! म्हणजे जे वैमानिक, जे डेकवरचे लोक, जे मेकॅनिक नेमके लागणार होते, तीच घडी आधी विस्कटून टाकली. हा तोटा कोणत्या ऑडिटमध्ये धरला?

मधल्या काळात, 2011 मध्ये, लिबियाची लढाई झाली. ब्रिटनकडे विमानं उडवायला नौका नव्हती. सुरुवातीचे हल्ले करायला टॉर्नेडो विमानं इंग्लंडमधल्या नॉरफकच्या मारहॅम तळावरून जाऊन येऊन 3000 मैल उडत होती.

सागरवाट

भरतीओहोटी, हॅरियरबद्दल तुमचं म्हणणं मला खरंच लागलं. पण तो दोष 2010 चा आहे. तुम्ही त्याचं बिल 2012 च्या नावावर फाडताय.

पाटीपेन्सिल

तेव्हा दोन्ही विमानं कच्ची होती हे विसरू नका. जानेवारी 2011 मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी बीला दोन वर्षांच्या देखरेखीखाली ठेवलं होतं, जमलं नाही तर रद्द करू म्हणून. ती अट जानेवारी 2012 मध्ये उठली. आणि त्या सुमारास सीचा हुक चाचणीत आठपैकी आठ वेळा तार पकडू शकला नव्हता. कच्च्या मालावरून ठाम निर्णय घेतला की असंच होणार.

दर्याकाठ

माझे काका आपल्या विराटवर सी हॅरियरचे (हा सी म्हणजे समुद्र, एफ-35चा सी नव्हे) मेकॅनिक होते. (विराट म्हणजे पूर्वीची ब्रिटिश हर्मिस, 1982 च्या फॉकलंड युद्धातली.) ते सांगायचे, बाकीची विमानं आधी उतरतात आणि मग थांबतात, आपलं आधी थांबतं आणि मग उतरतं. नौका हेलकावे खात असताना या एका गोष्टीचं मोल किती, ते डेकवर उभं राहिलेल्यालाच कळतं. दक्षिण अटलांटिकच्या त्या हवेत हॅरियरच उपयोगी पडली. मी बीच्या बाजूनं.

तांडेल

दर्याकाठ, फॉकलंडचं नाव काढलंत तर पूर्ण काढा. 4 मे 1982 ला शेफील्ड या विनाशिकेवर एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळलं. का? कारण खालून, पाण्याला चिकटून येणारी अर्जेंटिनाची विमानं लांबून पाहणारं राडार ब्रिटिश ताफ्याच्या डोक्यावर नव्हतं. असं राडार नेणारं हॉकआय विमान उडवायला कॅटापल्ट लागतो. फ्रान्सच्या शार्ल द गोलवर ते आहे. ब्रिटननं युद्धानंतर हेलिकॉप्टरला राडार बांधून वेळ भागवली आणि 2012 मध्ये तोच तोडगा पुढच्या पन्नास वर्षांसाठी कायम केला. हेलिकॉप्टर विमानाइतकं उंच जात नाही, म्हणून त्याचं क्षितिजही जवळ.

तुम्ही सगळे बी की सी यावर भांडताय. मला विचाराल तर कॅटापल्ट नाकारताना सीपेक्षा मोठी गोष्ट हातची गेली.

पाटीपेन्सिल

आपल्याकडे 2022 मध्ये गोव्याला, दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या तळावर, जमिनीवरच्या स्की-जंपवरून राफेल-एम आणि सुपर हॉर्नेट ही नौकेवरची लढाऊ विमानं दोन्ही उडवून पाहिली. 26 राफेलच्या करारावर सही झाली 2025 मध्ये. उशीर झाला, पण आधी पाहून मग घेतलं. ब्रिटननं 2010 मध्ये कॅटापल्टचे आकडे पिकायच्या आधीच घोषणा केली.

सागरवाट

तांडेल, राडारचा मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे. तरी एक सांगतो. मित्रदेशांची विमानं उतरू शकतील म्हणून 2010 मध्ये कॅटापल्ट हवा होता. 2021 मध्ये क्वीन एलिझाबेथ पूर्वेकडे निघाली (ऑक्टोबरमध्ये आपल्या कोकण किनाऱ्यासमोर सरावही केला) तेव्हा तिच्यावर 18 एफ-35बी होती आणि त्यातली 10 अमेरिकन मरीन्सची. त्याच सफरीत इटलीची बीसुद्धा तिच्यावर उतरली. जपानही आपल्या इझुमो वर्गातल्या नौका बीसाठीच बदलून घेतोय. सी धरून बसले असते तर 2021 मध्ये त्या डेकवर लढाऊ विमानच नसतं.

भरतीओहोटी

18 मधली 10 दुसऱ्याची, याला तुम्ही यश म्हणता? दोन 65 हजार टनी नौका बांधणाऱ्या देशाची डेकवर स्वतःची 8च विमानं! इतकी वर्षं आणि इतके पैसे जाण्यायेण्यात गेले नसते तर हा आकडा वेगळा दिसला असता, असं मला मनापासून वाटतं.

तांडेल

आणि त्या 18 विमानांच्या पुढचं पाहणारं राडार तेव्हाही हेलिकॉप्टरवरच होतं, सागरवाट. वजनदार म्हणालात, उत्तर दिलं नाहीत.