मदत हवी आहे: जुना डेस्कटॉप घ्यावा की नवा लॅपटॉप?

नमस्कार मंडळी. काल पुण्यात तपकीर गल्लीत एक रिफर्बिश्ड (दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेला) डेस्कटॉप पाहिला. इंटेलचा आय५-६५०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, डेटा साठवायला २५६ जीबी एसएसडी. कॅबिनेटवर कुठल्याशा ऑफिसचं अर्धवट खरवडलेलं स्टिकर अजून तसंच. दुकानदार म्हणतो, "डोळे झाकून न्या." म्हणूनच विचारतोय.

काम म्हणजे बायकोचं टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), लेकीचं पायथन प्रोग्रामिंग, माझे फोटो. घराबाहेर कुणी नेणार नाही. लॅपटॉपची रॅम हल्ली बऱ्याचदा बोर्डालाच सोल्डर केलेली असते, डेस्कटॉपला उद्या आणखी एक पट्टी खोचता येते, हे पटतं. पण हा प्रोसेसर सहाव्या पिढीचा. विंडोज ११ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी लागते आणि विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोजऐवजी लिनक्स टाकलं तर विंडोजवर चालणाऱ्या टॅलीचं काय? की थोडे जास्त घालून आठव्या पिढीचा, सहा कोअरचा आय५-८५०० शोधू?

शिवाय आमच्याकडे गुरुवारी हमखास लाइट जाते, म्हणजे यूपीएसचा खर्च आलाच. (लॅपटॉपवाला मेहुणा इथेच हसतो.)

दुकानात उभ्या उभ्या एसएसडी किती झिजलीय ते कसं बघायचं? आणि असं मशीन कुणी दोन-तीन वर्षं वापरलंय का? रविवारी पुन्हा जाणार आहे, त्याआधी सांगा.