शिआनला जातोय: शाकाहारी आई, इतिहासवेडे बाबा. काय पाहावं, काय खावं?

रानजाई:
ऑक्टोबरमध्ये बीजिंगला कामासाठी जाणार आहे. आई-बाबाही सोबत येतायत. काम संपलं की तीन-चार दिवस शिआनला काढायचा विचार आहे. बाबा इतिहासाचे शिक्षक होते, त्यांना मातीचे सैनिक (चीनच्या पहिल्या सम्राटाच्या समाधीजवळ पुरलेले पुतळे) आणि ह्युएन त्संगचा पॅगोडा बघायचाच आहे. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. मी आणि बाबा सगळं खातो. आईला रोज फळं आणि खाकऱ्यावर ठेवायची माझी अजिबात इच्छा नाही. कोणी जाऊन आलंय का?

मुक्काम_पोस्ट:
पहिलं म्हणजे १ ते ७ ऑक्टोबर टाळा. राष्ट्रीय सुट्टी असते, अख्खा चीन फिरायला निघतो. बीजिंगहून वेगवान रेल्वेने पाच-सहा तासांत शिआन उत्तर स्टेशन, तिथून मेट्रो. विमानाच्या भानगडीत पडू नका.

चाकोरीबाहेर:
रानजाई, आईंची काळजी करू नका. नोकरीनिमित्त मी शिआनला राहिलो आहे. हे गव्हाचं शहर आहे, भाताचं नाही, आणि शाकाहारी माणसाचं इथं चीनमधल्या बऱ्याच शहरांपेक्षा सोपं जातं.

आईंसाठी लियांगपी. गव्हाच्या सत्त्वाच्या थंड, रुंद पट्ट्या, वर काकडी, मोड आलेलं कडधान्य, व्हिनेगर आणि लाल मिरचीचं तेल. मुस्लिम मोहल्ल्यात तिळाची दाट चटणी घातलेली मिळते, ती जास्त चांगली. दुसरं यौपो म्येन: हाताने ओढलेल्या जाड नूडल्सवर लसूण आणि मिरचीपूड ठेवतात आणि वरून कडकडीत तेल ओततात. तो चर्र आवाज ऐकला की आपल्या फोडणीचीच आठवण येते. बियांगबियांग, म्हणजे पट्ट्यासारख्या रुंद नूडल्स, मात्र विचारून घ्या. त्यावर बहुतेक वेळा मांसाचा खिमा किंवा टोमॅटो-अंडं असतं.

'मांस नको' एवढं सांगून भागत नाही, रस्सा हाडांचा निघू शकतो. मांस, मासे, अंडं, चरबी, हाडांचा रस्सा यातलं काहीही नको, असं चिनी लिपीत लिहून फोनमध्ये ठेवा आणि ऑर्डर देण्याआधी दाखवा. लोक मन लावून वाचतात, आणि जमणार नसेल तर सरळ नाही म्हणतात.

तुम्ही आणि बाबा यांगरौ पाओमो खा. जाड कोरडी रोटी आणि रिकामा वाडगा समोर येतो. रोटीचे तुकडे आपणच करायचे, मक्याच्या दाण्याएवढे, मग वाडगा आत जातो आणि मटणाच्या रश्श्यात शिजून परत येतो. सोबत गोडसर मुरवलेला लसूण. घाईत मोठे तुकडे केलेत तर आतून कोरडे राहतात. रौजियामो, म्हणजे भाकरीत भरलेलं मांस, हुई मुस्लिमांच्या दुकानात गोमांसाचं, इतरत्र डुकराचं. चालत नसेल तर आधी विचारा.

ढोलाच्या मनोऱ्यामागची बेईयुआनमन गल्ली बघा, पण जेवायला तिथं थांबू नका. ती सजवलेली आहे ती पर्यटकांसाठी. पश्चिमेला साजिनछियाओकडे चालत जा, तिथं सकाळी शहरातली माणसं नाश्ता करतात. चिकट भात, लाल चिनी बोरं आणि राजमा थरांत वाफवलेला झंगगाओ आईंना नक्की आवडेल.

दवबिंदू:
ऑक्टोबर म्हणजे शिआनजवळच्या लिंतोंगची डाळिंबं आणि पर्सिमनचा (टोमॅटोसारखं दिसणारं नारिंगी फळ) हंगाम! पर्सिमनच्या गराची तळलेली गोड टिक्की गरमच खायची. आत सारण असतं, जीभ भाजते, जपून.

रानजाई:
चाकोरीबाहेरदादा, मनापासून आभार. बाबा विचारतायत, पॅगोडात नक्की काय आहे?

चाकोरीबाहेर:
बाबांना सांगा, ह्युएन त्संगने भारतातून ६५७ ग्रंथ नेले. ते आणि मूर्ती सुरक्षित राहाव्यात म्हणून ६५२ मध्ये हा पॅगोडा बांधला. आज सात मजली आहे, उंची सुमारे ६४ मीटर. वर चढायचं तिकीट वेगळं आहे. जिने अरुंद आहेत, तेव्हा गुडघे बघून ठरवा. हाच माणूस पुलकेशी दुसऱ्याच्या काळात आपल्या महाराष्ट्रात आला होता. त्याने वर्णन केलेला डोंगरातला मठ म्हणजे अजिंठा, असं अभ्यासक मानतात. वर्गात हे शिकवलेल्या माणसाने तिथं जाऊन उभं राहावंच. वेळ असेल तर शहराच्या दक्षिणेला शिंगजियाओ मंदिरात त्याची समाधीही आहे. तिथं गर्दी फारशी नसते.

मुक्काम_पोस्ट:
मातीच्या सैनिकांसाठी पासपोर्टवर आधी ऑनलाइन तिकीट काढा. मेट्रो ९ ने ह्वाछिंगछला उतरा, पुढे बस. स्टेशनबाहेर टॅक्सीवाले 'दुसरं संग्रहालय' दाखवायला नेऊ पाहतात, त्यांच्यामागे जाऊ नका. १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना हे सापडलं. सैनिक उत्खननाच्या तीन खड्ड्यांत आहेत. लोक थेट पहिल्या खड्ड्यात घुसतात. तिसरा, दुसरा आणि मग पहिला असं बघितलंत तर भव्यता शेवटी येते. कांस्यरथ लिशान उद्यानातल्या वेगळ्या इमारतीत आहेत, तिकीट तेच.

शहराची तटबंदी मिंग काळातली, १३.७ किमी. दक्षिण दरवाज्यावर सायकली भाड्याने मिळतात. आई-बाबांसाठी विजेची गाडी आहे, तीच घ्या, फरसबंदी खडबडीत आहे.

दवबिंदू:
निघण्याआधी भारतातच अलीपेला (तिथलं पैसे देण्याचं ॲप) व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडून घ्या, रुपेवर अवलंबून राहू नका. आपल्या सिमचं रोमिंग चालू ठेवलंत तर व्हॉट्सॲप आणि गूगल चालतं, हॉटेलच्या वायफायवर नाही.

रानजाई:
सुट्टीचा आठवडा टाळून तारखा १२ नंतरच्या घेतल्या. आईला वाचून दाखवलं, लियांगपीत मिरची कमी घालून देतात का विचारतेय.

चाकोरीबाहेर:
देतात. 'शाओ ला' म्हणा, म्हणजे थोडी. अजिबात नको असेल तर 'बू याओ ला'. पण तिळाची चटणी कमी करू नका म्हणावं.